मांसाविना थाळी आणि पाच वधू

चळवळीतील काही ज्येष्ठ कार्यकर्त्यांना अलीकडे एक सोयीस्कर निदान सापडले आहे. शाखेच्या बैठकीला तरुण का येत नाहीत? मोबाइलमुळे. वाचनालयातली मासिके न उघडताच रद्दीत का जातात? मोबाइलमुळे. मुलींना संध्याकाळनंतर एकटीने फिरण्याची धास्ती का वाटते? त्याचेही उत्तर मोबाइलच. आणि त्या मोबाइलमध्ये नेमके काय असते असे पुढे विचारले, तर उत्तर ठरलेले असते : "ती जपानी कार्टुने. एक मुलगा आणि त्याच्यामागे लागलेल्या पाच-सहा मुली. दुसरे काय!" असे सांगणाऱ्यांपैकी कितीजणांनी त्यातला एक तरी भाग शेवटपर्यंत पाहिला आहे, हे विचारण्याची सोय नसते. ज्या परंपरेने आधी अभ्यास आणि मग ठराव अशी शिस्त घालून दिली, तिच्यात आता अभ्यासावाचून ठराव संमत होऊ लागले आहेत.

उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूर या पट्ट्यात या निदानाला विशेष धार आली आहे. ती का आली हेही उघडपणे बोलले पाहिजे. २० ऑगस्ट २०२४ रोजी बदलापूर स्थानकात नागरिकांचा जमाव रुळांवर उतरला आणि दिवसाचा बहुतेक भाग रेल्वे बंद राहिली. दोन चिमुरड्या मुलींवर त्यांच्या शाळेतच अत्याचार झाला होता, आणि तक्रार नोंदवून घेण्यात जी दिरंगाई झाली तिने लोकांचा संयम संपवला होता. मुंबई उच्च न्यायालयाने प्रकरणाची स्वतःहून दखल घेतली आणि त्या दिरंगाईवर ताशेरे ओढले. म्हणजे प्रश्न शाळेतल्या देखरेखीचा होता, कंत्राटावर माणसे नेमताना होणाऱ्या किंवा न होणाऱ्या पडताळणीचा होता, पोलीस ठाण्याच्या उंबरठ्याचा होता. या प्रश्नांची उत्तरे मागत राहणे कष्टाचे काम आहे. त्यासाठी अर्ज करावे लागतात, हेलपाटे घालावे लागतात, वाईटपणा घ्यावा लागतो. परदेशी चित्रांना शिव्या देण्यात यातले काहीच करावे लागत नाही. म्हणूनच ते निदान लोकप्रिय आहे.

तेव्हा आरोपीच्या पिंजऱ्यात उभी केलेली वस्तू एकदा नीट पाहिलेली बरी. 'गोतोबुन नो हानायोमे' ही या जातीतली एक गाजलेली मालिका. नावाचा अर्थ साधारणपणे 'पाच समान भागांतली वधू' असा होतो. इंग्रजीत तिला 'द क्विंटेसेन्शियल क्विंटप्लेट्स' म्हणतात. नेगी हारुबा या चित्रकथाकाराने ती २०१७ ते २०२० या काळात एका जपानी साप्ताहिकात क्रमशः लिहिली आणि रेखाटली. तिच्यावरून २०१९ व २०२१ मध्ये प्रत्येकी बारा भागांच्या दोन चित्रमालिका निघाल्या आणि २०२२ मध्ये समारोपाचा चित्रपट आला. ज्या प्रकारात ती मोडते त्याला जगभर 'हॅरेम' म्हणतात. मराठीत त्याला जनानखाना म्हणण्यावाचून गत्यंतर नाही. एक साधासुधा मुलगा, त्याच्याभोवती अनेक मुली, आणि अखेर तो कोणाची निवड करणार याची वर्षानुवर्षे ताणलेली उत्सुकता, हा त्याचा साचा. १९९२ च्या 'तेन्ची मुयो'पासून तो साचा जपानी बाजारात पक्का झाला. द्रौपदीच्या कथेचा हा उलटा फासा, असे मराठी वाचकाला वाटेल. पण द्रौपदीच्या पाच पतींना निदान स्वतःची राज्ये, वैरे आणि वनवास होते.

फूतारो उएसुगी हा या मालिकेचा नायक. शाळेत पहिला येणारा, मित्र नसलेला, आणि दरिद्री. त्याच्या दारिद्र्याची ओळख ज्या प्रसंगातून होते तो प्रसंग कोणत्याही वास्तववादी कथाकाराने हेवा करावा असा आहे. शाळेच्या खाणावळीत तो भाजलेल्या मांसाची थाळी मागवतो, पण मांस वगळून. कारण नुसता भात घेण्यापेक्षा मांस वगळलेली थाळी त्याला परवडते. तिच्यासोबत सूप आणि लोणचे येते. पगाराच्या आदल्या आठवड्यात उसळ-पावातली उसळ वाटून घेणाऱ्या कामगाराला हा हिशेब समजावून सांगावा लागत नाही. घरी बाप आहे, डोक्यावर कर्ज आहे आणि प्राथमिक शाळेत जाणारी धाकटी बहीण रैहा आहे. अशा मुलाला एका श्रीमंत घरची शिकवणी मिळते, नेहमीच्या पाचपट मोबदल्यावर. पाचपट का, तर विद्यार्थिनी पाच आहेत : एकाच वेळी जन्मलेल्या, एकाच चेहऱ्याच्या पाच बहिणी. इचिका, निनो, मिकू, योत्सुबा आणि इत्सुकी. जपानी अंक ठाऊक असणाऱ्याच्या ध्यानात येईल की या नावांत एक ते पाच हे आकडेच दडलेले आहेत. पहिल्या चाचणीत पाचही जणींचे गुण मिळून शंभर भरतात. पाचशेपैकी नव्हे, पाचजणींचे मिळून शंभर.

प्रेमकथा अशा रीतीने मजुरीच्या करारापासून सुरू होते, आणि हे या मालिकेचे पहिले आणि मोठे बळ आहे. एरवी या जातीच्या कथांत नायक काय खातो, घरभाडे कोण भरतो, हे कोणी विचारत नाही. येथे ते पहिल्या भागापासून विचारले जाते. मालकही स्पष्ट आहे. मुलींचा सावत्र बाप डॉक्टर आहे, मोठ्या रुग्णालयाचा सूत्रधार आहे, आणि तो शिकवणीदाराला फोनवरून सांगतो की परीक्षेत एकजण जरी नापास झाली तरी नोकरी गेली. महाराष्ट्रातल्या महाविद्यालयांत तासिका तत्त्वावर राबणाऱ्या, नेट-सेट झालेल्या, प्रसंगी पीएच.डी. असलेल्या प्राध्यापकांना ही भाषा परिचयाची वाटेल. तासाला मोबदला, सुट्टीला शून्य, निकाल खाली आला तर पुढच्या वर्षी बोलावणे नाही. अंबरनाथ-बदलापूरच्या नव्या इमारतींतून संध्याकाळी घरोघर शिकवण्या घेत हिंडणारी पदवीधर मुले-मुली फूतारोचीच भावंडे आहेत. फरक एवढाच की त्यांना पाचपट कोणी देत नाही.

त्या परीक्षेत काय होते ते पाहण्याजोगे आहे. एकूण पाच विषय. प्रत्येक बहीण फक्त एकेका विषयात उत्तीर्ण होते, बाकीच्या चारांत गडगडते. नोकरी गेलीच. पण बापाचा फोन येतो तेव्हा निनो, जिला हा शिकवणीदार मुळीच आवडत नाही तीच, फोन हातात घेऊन सांगते की पाचजणींनी मिळून पाचही विषय पार केले. शब्दशः पाहिले तर खोटे नाही. वैयक्तिक गुणपत्रिकेच्या जागी सामुदायिक गुणपत्रिका ठेवण्याची ही युक्ती एखाद्या युनियनच्या वाटाघाटीत शोभावी अशी आहे. पुढे शिकवणीदार नोकरी सोडतो तेव्हा या बहिणी बापाच्या आलिशान घरातून बाहेर पडतात आणि जुनाट, कोंदट खोलीत येऊन राहतात. भाड्याचा भार इचिका अभिनयाच्या कमाईतून उचलते. आणि त्याआधीची, चित्रपटात उलगडणारी हकिकत तर आणखी बोलकी आहे. योत्सुबा नापास होऊन तिला आधीची श्रीमंती शाळा सोडावी लागते, तेव्हा उरलेल्या चौघीही तिच्याबरोबर ती शाळा सोडतात. एकीला काढले तर पाचजणी बाहेर. या प्रसंगासाठी संपाचा शब्द वापरला तर अतिशयोक्ती होईल हे खरे. परंतु ज्या तरुणांनी आयुष्यात एकही संप पाहिलेला नाही, ज्यांच्या कारखान्यात युनियनचा फलकच कधी लागला नाही, त्यांना एकजुटीचे चित्र येथे पाहावयास मिळते याची नोंद घ्यावयास नको काय?

आता दुसरी बाजू. ती सौम्य शब्दांत मांडण्याचे कारण नाही.

या मालिकेत स्त्रीचा देह ज्या नजरेने दाखवला जातो ती नजर फूतारोची नाही. ती पैसे मोजणाऱ्या प्रेक्षकाची आहे. फूतारो बिचारा पुस्तकात डोके घालून बसलेला असतो आणि चित्रकाराचा डोळा मात्र शाळकरी मुलींच्या अंगावरून फिरत राहतो. नायक निष्पाप आणि प्रेक्षक लाभार्थी, अशी ही सोय आहे. आंघोळ करून नुसत्या पंचात उभ्या असलेल्या निनोवर फूतारो 'अपघाताने' पडतो, त्याचे छायाचित्र निघते आणि मग बहिणी लुटुपुटूचा खटला चालवतात. हसू येते ते खटल्याचे. अपघात मात्र पुन्हापुन्हा होत राहतात, कारण या प्रकाराचे गिऱ्हाईक अपघातांसाठीच येते. ज्या पोरांना डोंबिवली-कल्याणच्या पुढे दाराशी लटकत प्रवास करावा लागतो आणि ज्या पोरींना त्याच फलाटावर कोपराने वाट काढावी लागते, त्यांच्या दृष्टीने 'अपघाताने झाले' हे शब्द विनोदी नाहीत. बाईच्या डब्यातल्या प्रत्येक प्रवासिनीने ते ऐकलेले आहेत. निनोही काही कमी नाही. पहिल्याच दिवशी ती फूतारोच्या पाण्यात गुंगीचे औषध घालून त्याला घरी रवाना करते. तोही विनोदच. संमती नावाची वस्तू कोणाच्याच बाजूने गंभीरपणे घ्यावयाची नसते, हा धडा मुलगा-मुलगी दोघांना समान वाटून दिला आहे, एवढीच काय ती समता.

त्याहून खोल खोट अर्थकारणात आहे. १९३३ साली चेंबरलिन या अमेरिकन अर्थशास्त्रज्ञाने मक्तेदारीयुक्त स्पर्धेचे विवेचन करताना दाखवून दिले की, जवळजवळ सारख्याच वस्तूंना वेगळे वेष्टन, वेगळे नाव देऊन प्रत्येक उत्पादक आपापले छोटे मक्तेदारीचे कुंपण उभारतो. वस्तुभेदाचे इतके चोख उदाहरण पाठ्यपुस्तकातही सापडणार नाही. पाच मुली, चेहरा एकच. एकीचे केस आखूड, एकीच्या केसांत फुलपाखरासारख्या फिती, एकीच्या गळ्यात हेडफोन, एकीच्या डोक्यावर हिरवी रिबन, एकीच्या केसांत चांदणीची पिन. स्वभावही त्याच हिशेबाने वाटलेले : समजूतदार, फटकळ, लाजरी, परोपकारी, खादाड. मग प्रेक्षकांचे पाच तट पडतात, प्रत्येक तटासाठी वेगळी बाहुली, वेगळे भित्तिचित्र, वेगळी किल्लीची साखळी. कथेच्या पहिल्याच प्रसंगात लग्नमंडप दाखवून वधूचा चेहरा झाकून ठेवला आहे. उत्तर मिळेपर्यंत पाचही तटांची खरेदी चालू राहावी हा त्यामागचा व्यवहार. शेवटी वधू योत्सुबा ठरते, आणि बाकीच्या चौघींची प्रीती हिशेब मिटवताना मागे राहिलेल्या मालासारखी बाजूला ठेवली जाते. बहिणींचे परस्परप्रेम इतक्या हळुवारपणे रंगवणाऱ्या लेखकाने त्यांना एकाच मुलासाठी स्पर्धेत उतरवले नसते, तर कथा निराळी झाली असती. पण मग ती खपली नसती.

आणि रैहा? घरी आई नाही. ही प्राथमिक शाळेतली मुलगी स्वयंपाक करते, काटकसरीने घर चालवते, भावाची उमेद टिकवते. फूतारोला पाचपट वेतन मिळते ते शिकवण्याचे. रैहाच्या कामाला मोल नाही आणि तिच्या कामाविषयी लेखकाच्या मनात प्रश्नही नाही. ती गोड आहे, एवढ्यावर तिची बोळवण होते. उल्हासनगरच्या कॅम्पांतून जीन्सचे दोरे कापणाऱ्या बाया ज्या घरांत नगावर राबतात, त्या घरांतही शाळेतून आलेल्या मुलीच आईचा ढीग हलका करतात. त्यांनाही सगळे गोडच म्हणतात.

प्रश्न असा, की एवढे दोष असलेली वस्तू तरुणाला का हवीशी वाटते? येथे मोबाइलवाल्या निदानाची पुरती फजिती होते. जपानमध्ये १९९० च्या दशकारंभी तेजीचा फुगा फुटला आणि आयुष्यभराच्या नोकरीचे आश्वासन मागे घेतले गेले. आज तेथील एक तृतीयांशाहून अधिक नोकरदार अनियमित, कंत्राटी स्वरूपाच्या कामावर आहेत. २०२० च्या जनगणनेत पन्नाशीपर्यंत अविवाहित राहिलेल्या पुरुषांचे प्रमाण सुमारे अठ्ठावीस टक्के आढळले. ज्याला एक जोडीदारीण मिळण्याची शाश्वती उरली नाही, त्याला बाजाराने पाच दाखवल्या.

महाराष्ट्र यापासून फार दूर आहे असे समजण्याचे कारण नाही. डिसेंबर २०२२ मध्ये सोलापुरात लग्न न जुळणाऱ्या तरुणांनी मुंडावळ्या बांधल्या, काही घोड्यांवर बसले, आणि वाजतगाजत जिल्हाधिकारी कार्यालयावर मोर्चा नेला. वृत्तपत्रांनी ती गंमत म्हणून छापली. त्या तरुणांची मागणी मात्र गंभीर होती : गर्भलिंगनिदानविरोधी कायद्याची कडक अंमलबजावणी. राज्यात सहा वर्षांखालील दर हजार मुलग्यांमागे मुलींची संख्या २००१ मध्ये ९१३ होती, ती २०११ च्या जनगणनेत ८९४ वर आली. त्यात शेतकऱ्याच्या, कंत्राटी कामगाराच्या मुलाला मुलगी द्यावयास कोणी तयार नाही. पक्की नोकरी आणि शहरात घर हवे. मुलीच्या बापाला दोष देता येत नाही, कारण कच्च्या नोकरीचे हाल त्याने स्वतः भोगलेले असतात. अंबरनाथचा विमकोचा आगपेट्यांचा कारखाना इतिहासजमा झाला, उल्हासनगरातले जीन्स धुण्या-रंगवण्याचे अनेक कारखाने नदी-नाल्यांच्या प्रदूषणापायी बंद झाले. नदी वाचलीच पाहिजे. पण त्या कारखान्यांतल्या मजुरांचे पुढे काय, हे कोणत्याही आदेशात वाचावयास मिळाले नाही. औद्योगिक वसाहतीत जे काम उरले आहे ते बहुतांशी कंत्राटदाराच्या हातचे. बदलापूरला स्वस्त घर घेऊन मुंबईला जाणारा मुलगा रोज तीन तास रेल्वेत घालवतो. त्या तीन तासांत, इंग्रजी उपशीर्षके वाचत, तो मांसाविना थाळी खाणाऱ्या एका मुलाला पाच मुली शोधत येताना पाहतो. ही विकृती मानावयाची की भूक?

अर्थात भूक खरी असली म्हणून वाढलेले अन्न निर्दोष ठरत नाही. फूतारोच्या दारिद्र्यावर मालिकेने सुचवलेला उपाय तपासला की हे कळते. कर्जबाजारी शिकवणीदार, धनिकाच्या कन्या, आणि शेवटी विवाह. वर्गसंघर्षाचा निकाल सासुरवाडीत लावण्याची ही युक्ती हिंदी चित्रपटाला काही नवी नाही. पाच मुलींना शिकवताना त्याने जे श्रम केले, रात्री जागून जे प्रश्नसंच हाताने तयार केले, त्याची किंमत पैशात सुरू होते आणि प्रेमात फेडली जाते. श्रमाचे रूपांतर मायेत झाले की वेतनाचा प्रश्न विचारणारा कृतघ्न ठरतो. शिक्षिकांना, परिचारिकांना, अंगणवाडी सेविकांना हा अनुभव फार जुना आहे.

परंतु या दोषांवर बोट ठेवणाऱ्यांनी स्वतःच्या दिवाणखान्याकडेही पाहावे. 'माझ्या नवऱ्याची बायको' ही मराठी मालिका ऑगस्ट २०१६ पासून मार्च २०२१ पर्यंत, म्हणजे साडेचार वर्षे चालली. एक गुरुनाथ, त्याची बायको राधिका, त्याची प्रेयसी शनाया. या ओढाताणीवर घरोघरची संध्याकाळ पोसली गेली. जपानी मालिकेला चोवीस भाग आणि एक चित्रपट पुरला, हेही या ठिकाणी नमूद करावयास हरकत नाही. राधिका मसाल्यांच्या व्यवसायात उतरते, स्वयंपाकघरातल्या कसबाला बाजारात किंमत मिळवून देते, हे त्या मालिकेचे बळ. पण बघता बघता उद्योग तीनशे कोटींचा होतो आणि ते मसाले कांडणारे, दळणारे, पुड्यांत भरणारे हात पडद्यावर जवळजवळ दिसतच नाहीत. १९७५ मध्ये प्रेमा पुरव यांनी गिरणगावातल्या खानावळवाल्या बायांना एकत्र करून अन्नपूर्णा महिला मंडळ उभे केले. सावकाराच्या तावडीतून सुटण्यासाठी बँकेच्या कर्जासाठी त्या एकजुटीने उभ्या राहिल्या. राधिकेच्या कथेला हा इतिहास उशाशी असताना तिने एकटीच्या भाग्योदयाचा रस्ता धरला. जी मंडळी जपानी जनानखान्याला नाके मुरडतात, त्यांतल्या कितीजणांनी या देशी जनानखान्याविरुद्ध एक पत्र तरी लिहिले?

या चळवळीला करमणुकीची अशी घृणा मुळात नव्हती. तमाशाचे नाव पांढरपेशा घरात उच्चारणे वर्ज्य होते त्या काळात राष्ट्र सेवा दलाच्या कलापथकाने त्याचा बाज उचलला, वग आणि बतावणी गावोगाव नेली. निळू फुले, राम नगरकर, दादा कोंडके ही माणसे त्या मांडवाखालून गेलेली. (दादांनी पुढे चित्रपटांत काय केले यावर ज्येष्ठांचे मतभेद अद्याप मिटलेले नाहीत, पण कामगारवस्तीतला प्रेक्षक त्यांच्या मागे गेला आणि टीकाकार मागे राहिले, हे सत्य आहे.) तमाशातही स्त्रीदेहाचा बाजार होता. कलापथकाने त्यासाठी तमाशावर बहिष्कार टाकला नाही. काय घ्यावयाचे आणि काय टाकावयाचे हे त्याच्याजवळ जाऊन ठरवले.

तेच आता करावयास काय अडचण आहे? अंबरनाथच्या, बदलापूरच्या शाखांनी एखाद्या रविवारी वाचनालयाच्या खोलीत या मालिकेचे पहिले दोन-तीन भाग लावावेत. मुलगे आणि मुली एकत्र बसवावेत. नुसत्या मुलग्यांपुढे लावले तर निम्मा उद्देश वाया जाईल. कोणत्या प्रसंगी मुलगे हसतात आणि मुली हसत नाहीत, याची टिपणे कोणा एका कार्यकर्त्याने गुपचूप ठेवावीत. भाषण मुळीच करू नये. नंतर फळ्यावर एक हिशेब मांडावा : फूतारोचे तासाचे वेतन, खाणावळीतल्या थाळीची किंमत, बापाचे कर्ज, आणि रैहाच्या दिवसभराच्या कामाचे तास. शेवटच्या रकान्यात काय लिहावयाचे ते मुलांनाच ठरवू द्यावे. शाखेत दूरदर्शन संच नसेल तर खोळंबून राहण्याची गरज नाही. मोबाइल पोरांच्या खिशात असतोच.